गाढवाला अडीच स्टार

शिफाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ‘ताई’ म्हटलं आणि सगळं बिघडायला तिथूनच सुरुवात झाली.

शिफा दिलावर शेख, इयत्ता नववी, राहणार सावेडी. नववीतल्या मुलीला घरात ‘बेटा’ म्हणतात, शाळेत ‘मागचा बाक’ म्हणतात आणि सोसायटीत ‘ए, त्या पोरांना सांग, काच फुटेल’ म्हणतात. ताई कुणी म्हणत नाही. म्हणणारा निघाला अजिनाथ. मिरजगावचा व्हिडिओ शूटिंगवाला, वय बत्तीस, मिशा वयाच्या मानाने पन्नाशीच्या.

शिफाच्या मामूच्या लग्नाचं शूटिंग त्याने केलं होतं. महिन्याभराने पेन ड्राईव्ह आला. त्यात दोन फाइली. एक नंबर लावला तर थेट निकाह आणि जेवणं, दोन नंबर लावला तर हळद. शिफाने तिथल्या तिथे फोन लावला.

“अजिनाथभाऊ, हळद आधी असते. तुम्ही लग्न एक नंबरला कसं टाकलं?”

“आमच्याकडं तशीच पद्धत हाय,” अजिनाथ म्हणाला. “लोकांला लग्न आदी बघायचं आसतं. जेवायला कोन हुतं, कोन न्हवतं. हळद कोन बघतंय? म्हनून आमी शेवट एक नंबरला टाकतो आन सुरुवात दोनला.”

“हे चूक आहे,” शिफा म्हणाली. “गोष्ट सुरुवातीपासून सांगायची असते. आणि मामू घोड्यावरून उतरतो तिथे एकच गाणं चारदा वाजलंय.”

पलीकडे अजिनाथने फाइल लावून गाणी मोजली. मग अजिनाथ म्हणाला, “ताई, तुला नजर हाय.”

एवढंच. पण फोन ठेवल्यावर शिफाने आरशात पाहिलं, आणि तिला खरंच ती दिसली. नजर.

पुढे दोन लग्नांच्या मधल्या मोकळ्या दिवसांत अजिनाथने स्वतःचा सिनेमा काढला. नाव ‘सापडलं का?’. लांबी सत्तर मिनिटं. गोष्ट अशी की माती वाहणाऱ्या एका बाईचं पाव्हणा नावाचं गाढव हरवतं, अख्खं गाव शोधतं, सरपंच म्हणतात गाढवासाठी माणसं लावायची पद्धत नाही. आणि शेवटी गाढव सापडतं ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, कारण गावात पंखा तेवढा तिथेच चालू असतो. सरपंच ओशाळतात, गाढवाला हार घालतात, बाई गाढव घेऊन घरी जाते. समाप्त. बाईचं काम अजिनाथच्या चुलतीने, छबूबाईने केलं होतं. गाढवाचं काम गाढवाने.

सिनेमा झाला, पण दाखवणार कुठे? शिफा म्हणाली, “आमच्या पार्किंगमध्ये लावू. मी लावते.”

“ताई, तूच लाव,” अजिनाथ म्हणाला. “मला त्या दिवशी शेवगावला लग्नाची ऑर्डर हाय, मला याया जमायचं न्हाई. दुसऱ्या कुनाला हात लावू दिऊ नको. पन्नास मान्सांनी बसून बघितला, तर पुढचा काढीन. न्हाईतर मंग लग्नंच बरी.”

म्हणजे एका माणसाचं दिग्दर्शक होणं की न होणं हे शिफाच्या हातात होतं. नववीत इतकं काही हातात असत नाही. प्रयोगशाळेतली परीक्षानळीसुद्धा दोघींत एक असते.

*

चैत्रवेल सोसायटीत पार्किंग वापरायचं म्हणजे अर्ज करावा लागतो. अर्ज अध्यक्षांकडे करायचा. अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सोसायटीचे सचिव दोन वर्षांपूर्वी पुण्याला राहायला गेल्यापासून सचिवपदही आप्पासाहेबांकडेच होतं. त्यामुळे अध्यक्ष आप्पासाहेबांनी अर्ज अभिप्रायासाठी सचिव आप्पासाहेबांकडे पाठवला. सचिवांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी सचिवांना समज दिली. यात अकरा दिवस गेले.

“काका, दोन्ही तुम्हीच आहात ना?” शिफाने विचारलं.

“म्हणून तर जास्त काळजी घ्यावी लागते,” आप्पासाहेब म्हणाले. “उद्या कुणी म्हणायला नको की संगनमत होतं.”

चैत्रवेलच्या दोन विंगा. ए विंगमध्ये आप्पासाहेब, बी विंगमध्ये रामहरी सर. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दोघांचा एकमेकांवर कवडीचा विश्वास नाही, पण वर्तमानपत्र दोघांत एक. सकाळी आप्पासाहेब वाचतात आणि न पटलेल्या बातम्यांवर फुल्या मारतात; दुपारी ते सरांकडे जातं आणि सर फक्त फुल्या मारलेल्या बातम्या वाचतात. शिफाचं घर दोन्ही विंगांच्या मध्ये, गेटच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर. वीजबिलावर ‘ए’ येतं आणि पाणीपट्टीवर ‘बी’. दोन्ही विंगा तिला आपली समजत आणि गरज संपली की दुसऱ्याची.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता पार्किंगमधल्या स्कूटर बाहेर निघाल्या. अब्बांचं गाद्यांचं दुकान. त्यांनी गादीच्या अभ्र्याचं पांढरं कापड आणून दोन खांबांना ताणून बांधलं. अम्मीने बटाटेवड्याचं सारण केलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या. एकंदर त्रेपन्न माणसं. शिफाने दोनदा मोजली.

तिने पेन ड्राईव्ह लावला. आत दोन फाइली. एक आणि दोन.

इथे सांगितलं पाहिजे की आत्मविश्वास ही वस्तू शिफाला याच वर्षी मिळाली होती, वक्तृत्व स्पर्धेतल्या उत्तेजनार्थ बक्षिसाबरोबर. वस्तू नवी कोरी असल्याने ती कुठेही वापरून बघायची तिला खोड लागली होती. तिने त्या दोन आकड्यांकडे पाहिलं आणि ती जाणकाराचं हसू हसली. दुसऱ्या कुणी एक नंबर लावला असता. पण शिफाला अजिनाथभाऊंची पद्धत ठाऊक होती. शेवट एकला, सुरुवात दोनला. म्हणूनच तर ते म्हणाले होते, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको.

तिने दोन नंबर लावला.

पडद्यावर पंखा आला. पंख्याखाली गाढव. सरपंच गाढवाला हार घालत होते. सुरुवात जरा घाईची वाटली, पण शिफाला वाटलं, आजकाल असंच असतं. मग लांबलचक सत्कार झाला, बाईने गाढवाचे कान कुरवाळले, गाढव घेऊन ती मावळतीकडे चालत निघाली, सनई वाजली, आणि छत्तिसाव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं आली: समाप्त.

शिफाने पेन ड्राईव्हकडे पाहिलं. तिने ओळखलं. या वेळी अजिनाथभाऊंनी नंबर बरोबर टाकले होते. का टाकले असतील ते देव जाणे, पण टाकले होते.

ती उठली. ती खरं सांगणारच होती. हे नोंदवून ठेवायला हवं. पण तेवढ्यात पुढच्या रांगेत रामहरी सरांनी टाळी वाजवली.

“वा,” सर म्हणाले. “सत्तर मिनिटांचा सिनेमा आणि मधोमध समाप्त. काय हिंमत आहे. शिफा, काय म्हणतात गं याला?”

शिफाने तोंड उघडलं, आणि त्यातून तिने दोनच दिवसांपूर्वी वाचलेला शब्द बाहेर पडला.

“नॉन-लिनियर. म्हणजे क्रम मोडून.”

“पाहिलंत?” सर मागे वळून सगळ्यांना म्हणाले. “मुलीला ठाऊक आहे.”

यानंतर परत फिरता येत नाही. ज्याला कधी आला असेल त्यालाच हा अनुभव कळेल. शिफाने वडे वाटले आणि एक नंबर लावला. पाटी आली, ‘श्री भैरवनाथ प्रसन्न’. मग सिनेमाचं नाव, मग गाढव, मग गाढव हरवलं, मग सगळं गाव धुळीत ‘सापडलं का, सापडलं का’ ओरडत पळत असताना पडदा थांबला आणि त्यावर अक्षरं आली: मध्यंतर.

दिवे लागले. कुणी उठेना. सगळे पुढच्या भागाची वाट बघत बसले. शेवटी अब्बा उठले, कापडाच्या गाठी सोडायला लागले आणि म्हणाले, “गाढव चांगलं होतं.”

सिनेमावर शहाणपणाचं म्हणता येईल असं त्या रात्री तेवढंच बोललं गेलं.

*

आप्पासाहेब उभे राहिले. “मी फक्त क्रम बघतो,” ते म्हणाले. “आधी गाढवाला हार. मग वडे. आणि मग देवाचं नाव. देव वड्यांच्या नंतर. हे सहज होत नाही. हे कोणाच्या सांगण्यावरून झालंय?”

“आप्पासाहेब, हे रूपक आहे,” रामहरी सर म्हणाले. “सिनेमा मध्यंतरावर संपतो. म्हणजे काय? म्हणजे आपला समाज अजून मध्यंतरातच आहे. वडे खातोय.”

“वड्यांना मध्ये आणू नका,” अम्मी म्हणाली.

एवढ्यावर राहिलं असतं तर बरं. पण रविवारी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळी सहाला जागा झाला तो झोपलाच नाही. ए विंगने लिहिलं की बी विंगच्या लोकांना परंपरा म्हणजे काय हे माहीतच नसतं, कारण त्यांच्याकडे सकाळचं ऊन येत नाही. बी विंगने लिहिलं की ए विंगचे लोक मुळात संकुचित, कारण त्यांचे जिने अरुंद आहेत. तळमजल्यावाल्यांना दृष्टी नसते. वरच्या मजल्यावाल्यांचे पाय जमिनीवर नसतात. ज्यांच्याकडे कार आहे त्यांनी गाढवावर बोलू नये. ज्यांच्याकडे स्कूटर आहे ते सगळे एकाच बाजूचे असतात, कुठल्या ते सगळ्यांना माहीत आहे. शिफाने विचारलं, “कुठल्या?” उत्तर म्हणून चौदा जणांनी अंगठा पाठवला.

सोमवारी रामहरी सरांना वेगळंच सुचलं. देवाची पाटी मुद्दाम मधोमध घुसवलेली आहे, ते म्हणाले. प्रेक्षक बेसावध असताना. सिनेमा पुरोगामी वाटतो पण आतून प्रतिगामी आहे. त्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला.

सर विरोधात गेले हे कळताच आप्पासाहेबांना सिनेमा आवडायला लागला. “पाटी मध्यभागी आहे,” त्यांनी जाहीर केलं. “म्हणजे केंद्रस्थानी. बाकी सगळं तिच्या भोवती. हा आपला सिनेमा आहे.”

मंगळवारी सरांना कळलं की आप्पासाहेब बाजूने आहेत, तेव्हा त्यांचा विरोध तत्त्वाचा झाला. बुधवारपर्यंत दोघांनी एकमेकांची सगळी वाक्यं वापरून संपवली होती. लग्नघरातून एकमेकांच्या चपला घालून निघालेल्या पाहुण्यांसारखे दोघे फिरत होते, आणि चप्पल चावतेय हे दोघेही कबूल करत नव्हते.

शिफाला आठ दिवस घास गोड लागला नाही. ती अजिनाथला फोन करायची आणि तो उचलला की अभ्यासाचं काहीतरी विचारायची. “भाऊ, कॅमेऱ्याची लेन्स बहिर्वक्र असते का?” अजिनाथ म्हणायचा, “आसंल ताई. सिनेमा आवडला का लोकांला?” शिफा म्हणायची, “चर्चा चालू आहे.” हे खरं होतं. खरं बोलून इतकं वाईट वाटतं हे तिला माहीत नव्हतं.

त्यातच आप्पासाहेबांनी तिला नोटीस बोर्डावर परीक्षण लिहायला सांगितलं. “तू लावलास, तू लिही. पण निःपक्षपाती हवं.”

शिफाने तीन रात्री विचार केला. सिनेमा फार चांगला म्हटलं तर ए विंग, वाईट म्हटलं तर बी विंग. शेवटी तिने लिहिलं: ‘सिनेमा बघण्यासारखा आहे. गाढवाचं काम सहज आहे. आवाज पहिल्या रांगेत मोठा आणि शेवटच्या रांगेत लहान येत होता.’ आणि खाली पाचपैकी अडीच स्टार दिले. बरोबर मधोमध. याहून निःपक्षपाती माणसाला होता येत नाही, असं तिला वाटलं.

“अर्धा स्टार कोणाच्या सांगण्यावरून कापलास?” आप्पासाहेबांनी जिन्यात विचारलं.

“अर्धा स्टार कोणाच्या सांगण्यावरून वाढवलास?” सरांनी गेटवर विचारलं.

दुधाच्या पिशव्या घेऊन परतणारे ए विंगचे एक काका तर तिथेच थांबले आणि म्हणाले, “तुम्ही लोक असंच करता. कधी स्पष्ट बोलत नाही.”

“कुठले लोक, काका?” शिफाने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. वर पाहिलं. दुधाच्या पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या.

“तिसऱ्या मजल्यावरचे,” ते म्हणाले आणि लिफ्ट सोडून जिन्याने गेले.

घरी येऊन शिफाने हे अब्बांना सांगितलं. अब्बांनी तिला शेजारी गादीवर बसवलं. मग म्हणाले, “बेटा, चाळीस वर्षं मी बघतोय. गादी टोचली की लोक कापसाला नावं ठेवतात. कापूस कधीच टोचत नाही. आत कुणाची तरी सुई राहिलेली असते.”

शिफाला वाटलं, सुई कुणाची ते अब्बांना कळलंय. तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

*

पुढच्या रविवारी ‘दिग्दर्शकाशी मनमोकळ्या गप्पा’ असा कार्यक्रम ठरला. तो दोन्ही विंगांनी ठरवला, कारण दोघांनाही दिग्दर्शकाला जाब विचारायचा होता. जाब विचारण्याला मनमोकळ्या गप्पा म्हणतात हे शिफाला नव्याने कळलं.

साडेपाच वाजता गेटवर टेम्पो थांबला. आधी अजिनाथ उतरला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मिशांना तेल. मग छबूबाई उतरली, नव्या साडीत, डोईवरचा पदर सावरत. आणि मग फळी लावून मागून गाढव उतरलं.

“कलाकारांला आनलंय,” अजिनाथ म्हणाला. “म्हनलं, लोकांला भेटू द्या.”

“जनावरासाठी वेगळा अर्ज लागतो,” आप्पासाहेब म्हणाले.

“सचिवांचा अभिप्राय घ्या,” रामहरी सर म्हणाले.

गाढव मधल्या वेळात चालत आत आलं आणि आप्पासाहेबांच्या स्कूटरच्या जागेवर उभं राहिलं. वर पंखा होता.

“ताई,” अजिनाथ हसून म्हणाला, “पन्नास जमले हुते का?”

“त्रेपन्न,” शिफा म्हणाली.

अजिनाथला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग त्याला पाणी प्यायला वेळ दिला नाही.

“समाप्त मध्येच का?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“मधीच?” अजिनाथ म्हणाला.

“मध्यंतरावर सिनेमा संपवण्यामागची भूमिका काय?” सरांनी विचारलं.

“संपवला?” अजिनाथ म्हणाला.

“भैरवनाथाची पाटी वड्यांनंतर कोणाच्या सांगण्यावरून?”

“वडे आमी घेतलेच न्हाईत शूटिंगला,” अजिनाथ काकुळतीने म्हणाला. “चहा-पाव हुता.”

“टाळाटाळ,” ए विंग म्हणाली.

“सगळे दिग्दर्शक असेच,” बी विंग म्हणाली. “सगळे.” हा आठवडाभरातला दोन्ही विंगांचा पहिला एकमताचा क्षण होता.

अजिनाथने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. त्याच्या मिशा एकेक केस करून खाली येत असल्यासारख्या वाटायला लागल्या. तो कधी या रांगेकडे बघे, कधी त्या. परीक्षेला दुसऱ्याच विषयाचा पेपर आलेल्या मुलासारखा. शेवटी तो उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, “चुकलं आसंल माझं. आमी लग्नाची मान्सं. ह्यातलं मला कळत न्हाई. परत न्हाई काढायचो सिनेमा.”

छबूबाई म्हणाली, “आरं पर नाथ्या.”

“ऱ्हाऊ दे, चुलते. चल. फळी लाव.”

आणि शिफा प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढली. का चढली ते तिलाही सांगता आलं नसतं. जमिनीवरूनही ऐकू गेलं असतं. पण वक्तृत्व स्पर्धेत उंचावर उभं राहायची सवय लागली होती.

“मी उलटा लावला,” ती म्हणाली. “दोन नंबर आधी लावला आणि एक नंतर. सिनेमात काही नाही. रूपक नाही, भूमिका नाही, केंद्रस्थान नाही. माझं चुकलं. समाप्त आलं तेव्हाच मला कळलं होतं. पण सर म्हणाले वा, आणि मला नॉन-लिनियर हा शब्द येत होता.”

सगळ्यांनी आधी तिच्याकडे आणि मग गाढवाकडे पाहिलं.

मग आप्पासाहेब हळूच म्हणाले, “हे ती बी विंगच्या सांगण्यावरून बोलतेय.”

“मुलीवर ए विंगचा दबाव दिसतोय,” सर म्हणाले. “शिफा, घाबरू नकोस. आम्ही तुझ्या मागे आहोत.”

“तुम्ही समोर आहात, सर,” शिफा म्हणाली. “आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. मला नुसतं कळलं नाही.”

अजिनाथ तिच्याकडे बघत होता. “शिफा,” तो म्हणाला, “तू एक नंबर का न्हाई लावला आदी?”

शिफा. ताई गेली.

“तुमची पद्धत ना,” ती म्हणाली. “तुम्ही शेवट एकला टाकता. मामूच्या लग्नाला टाकलेला. मला वाटलं, फक्त मलाच माहीत आहे.”

अजिनाथ खाली बसला. त्याने मिशीवरून हात फिरवला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

“आन मी,” तो म्हणाला, “तू फोनवर बोलली हुतीस, गोष्ट सुरुवातीपासनं सांगायची आसती, म्हनून जल्मात पहिल्यांदा सुरुवात एकला टाकली. ताईनं सांगितलंय म्हनलं. म्हंजी बघ, तुझं ऐकून मी सुधारलो आन मला वळखून तू चुकलीस.”

शिफा स्टुलावरून खाली उतरली.

बोलली ती छबूबाई. ती इतका वेळ कपाळाला आठ्या घालून हिशोब लावत होती. “ते समदं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला येवढंच सांगा, तुमी समद्यांनी बघितलं न्हवं? मंग गाढव सापडलं का न्हाई?”

ए विंगने बी विंगकडे पाहिलं. बी विंगने ए विंगकडे पाहिलं. आठ दिवस सोसायटी त्या सिनेमावर भांडत होती आणि त्रेपन्न माणसांत एकालाही सांगता येईना. एक जण जाब विचारायला आणलेली नोंदवही काढून पानं उलटायला लागला. तिथेही नव्हतं.

“हारामध्ये होतं ते,” कुणीतरी म्हणालं.

“पण मग नंतर हरवलं.”

“म्हणजे नाही सापडलं.”

“आगंबाई,” छबूबाई म्हणाली. “मी चार दिस उनातानात पळाले त्या गाढवापायी. आन तुमी आसंच सोडून दिलं व्हय मला रस्त्यात?”

अब्बा दुकानात गेले आणि पांढरं कापड घेऊन आले.

*

सात वाजता शिफाने एक नंबर लावला. अजिनाथ तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. भैरवनाथाची पाटी आली. गाढव आलं. गाढव हरवलं तेव्हा बी विंगमधलं एक लहान पोर मोठ्याने रडायला लागलं, आणि त्याला समजवायला पार्किंगमधलं खरं गाढव दाखवावं लागलं. मध्यंतर मध्ये आलं. वडे मध्यंतरात आले. पंख्याखाली गाढव सापडलं तेव्हा आप्पासाहेब इतके हसले की त्यांची कवळी हलली, आणि सरपंच ओशाळले तेव्हा रामहरी सरांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. छबूबाई पडद्यावरच्या छबूबाईला म्हणाली, “जा बाई आता घरी.” ती गेली. समाप्त.

टाळ्या वाजल्या. नुसत्या, साध्या, सगळ्यांच्या.

कुणालाच काही म्हणायचं नव्हतं, आणि हे चैत्रवेल सोसायटीत आजवर घडलेलं नव्हतं. आप्पासाहेब अस्वस्थ झाले. त्यांनी खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली.

“हे म्हणजे,” ते म्हणाले, “सरळच आहे.”

“फारच सरळ,” रामहरी सर म्हणाले. “संशय यावा इतकं.”

“पहिला जास्त खोल होता.”

“शंभर टक्के. हा कुणीतरी बदललाय.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकाच कागदावर सह्या केल्या. ठराव असा की सिनेमाची मूळ, म्हणजे उलटी, आवृत्ती जतन करण्यात यावी. अध्यक्षांनी तो सचिवांकडे अभिप्रायासाठी पाठवला.

गेटवर अजिनाथने फळी लावली. गाढव चढायला तयार नव्हतं. पंखा सोडवत नव्हता त्याला. शिफाने मागून ढकललं, अब्बांनी पुढून ओढलं, अम्मीने वडा दाखवला. वड्याने काम केलं. छबूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. अजिनाथ टेम्पोच्या मागच्या कडीला धरून उभा राहिला आणि गाडी हलता हलता वाकून म्हणाला, “ताई, पुढचा काढतो. पर ह्या वक्ताला एकच फाइल टाकीन.”

शिफाने हात हलवला. टेम्पो दिसेनासा झाल्यावरही ती हलवत राहिली. समोरून येणाऱ्या एका रिक्षावाल्याला वाटलं, त्यालाच थांबवतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नोटीस बोर्डावरचं जुनं परीक्षण काढून नवं लावलं. ‘गाढव हरवतं. गाढव सापडतं. याच क्रमाने.’ स्टार दिले नाहीत.

संध्याकाळी शाळेतून येताना पाहिलं तर खाली दोन वेगवेगळ्या अक्षरांत, दोन वेगवेगळ्या शाईंनी, एकच वाक्य लिहिलेलं होतं: ‘हे कोणाच्या सांगण्यावरून?’

शिफाने दप्तरातून पेन काढलं आणि त्याखाली लिहिलं: ‘गाढवाच्या.’

आणि सही केली: शिफाताई, तिसरा मजला.